कविता बघायचीही असते

"कविता ही वाचायची गोष्ट आहे, बघायची नाही. मोबाइलवर जे चाललंय त्याला मी कविता म्हणत नाही." गेल्या हिवाळ्यात आमच्या तालुक्याच्या वाचनालयातल्या परिसंवादात एक ज्येष्ठ कवी असं म्हणाले आणि सभागृहात टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझे मित्र होते. माझ्या विद्यार्थिनी मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांतल्या तिघी स्वतःच्या कविता व्हिडिओवर म्हणून टाकतात. त्या खाली मान घालून बसून राहिल्या.

त्या कवींबद्दल मला आदर आहे. त्यांचे दोन संग्रह माझ्या टेबलावर कायम असतात, वर्गात मी ते शिकवलेही आहेत. म्हणून तर हे उत्तर लिहायला बसलो. ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याचा शब्द मागच्या रांगेतल्या मुलींच्या अंगावर कसा पडतो, हे मी त्या संध्याकाळी पाहिलं.

कविता कागदावर जन्माला येते, तिथंच ती पूर्ण असते, आवाज आणि चित्र ही मागाहून चिकटवलेली भर, असा त्यांच्या म्हणण्याचा पाया. तो पायाच मला कच्चा वाटतो. मराठीतला सगळ्यांत मोठा काव्यग्रंथ १२९० साली नेवाशात सांगितला गेला. ज्ञानेश्वरांनी सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी उतरून घेतला, असं आपली परंपरा मानते. आजही आपण 'ज्ञानेश्वरी सांगितली' असंच म्हणतो. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या तेव्हा अभंग लोकांच्या तोंडी होते म्हणून तरले, असं वारकरी सांगतात. ही कथा कुणी कशीही लावो, अभंगांचं घर लोकांच्या कंठात होतं एवढं तिच्यातून दिसतंच. परशुरामतात्या गोडबोल्यांनी जुन्या कवींचे वेचे 'नवनीत' म्हणून छापले ते १८५४ मध्ये. म्हणजे छापील पानाशी मराठी कवितेची रोजची ओळख सुमारे पावणेदोनशे वर्षांची, आणि त्याआधीची सहाशे वर्षं तिचा सगळा संसार मुख्यतः कानांवर चालला.

बरं, छपाई रुळल्यावर तरी ती गप्प बसली का? १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं. सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा तिथं उभा राहिला आणि त्याने कविता म्हटली. अध्यक्षस्थानी डॉ. कीर्तिकर होते. ते ऐकूनच त्यांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे नाव मागे पडलं आणि बालकवी मराठीत कायमचे राहिले. हा प्रसंग मी दरवर्षी वर्गात सांगतो. तेव्हा त्या पोराच्या हाती संग्रह नव्हता, समीक्षकाचं प्रशस्तिपत्र नव्हतं. होता तो आवाज, आणि समोर बसलेली माणसं. पुढे १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ निघालं. त्यातल्या यशवंत आणि गिरीश यांनी काव्यगायनाने कविता गावोगावच्या श्रोत्यांपुढे नेली. बापट, करंदीकर आणि पाडगावकर हे तिघे मिळून महाराष्ट्रभर कविता वाचत हिंडले, त्या मैफलींच्या आठवणी आमच्या आधीची पिढी अजून डोळे मिटून सांगते. ज्यांच्या नावाने कागदाची बाजू हमखास मांडली जाते ते मर्ढेकर आकाशवाणीत नोकरीला होते आणि त्यांनी रेडिओसाठी संगीतिका लिहिल्या. नव्या यंत्राशी त्यांचं वाकडं नव्हतं.

पण इथेच थांबून मी जिंकलो असं म्हणायचं नाही. 'आपली परंपराच मौखिक, तेव्हा रील म्हणजे आजची ओवी' असं म्हणत व्हिडिओची बाजू घेणारे मला भेटतात, आणि त्यांचं बोलणंही मला पटत नाही. आवाजाची परंपरा आहे म्हणून समोरचा प्रत्येक व्हिडिओ कविता होत नाही. शिवाय व्हिडिओत नुसता आवाज नसतो, दिसणंही असतं. या दिसण्याने कवितेत काय भर पडते, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर मला पुस्तकातून मिळालं नाही, घरात मिळालं.

माझी आत्या वाई तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय अठ्ठ्याहत्तर, शाळा दुसरीपर्यंत. सासरी तीस वर्षं तिने जातं ओढलं. गावात पिठाची गिरणी आली तसं जातं बंद झालं, आणि जात्याबरोबर ओव्या म्हणायची वेळच संपली. ओवी विसरली नाही, पण म्हणायची कधी आणि कशासाठी? गेल्या मे महिन्यात मी फोन घेऊन तिच्याकडे गेलो. पंखा बंद केला, कोंबड्या मागच्या दारी हाकलल्या, कपाटावर पुस्तकांची चवड रचून त्यावर फोन टेकवला. आत्या भिंतीला पाठ लावून ताठ बसली आणि पहिलीच ओवी अर्ध्यात तुटली. पुन्हा म्हटली, पुन्हा तुटली. मग ती वैतागली. "भित्ताडाकडं बघून न्हाई येत रं. समोर कुणी नको व्हय?"

माझी बायको सूप घेऊन तिच्यासमोर बसली आणि गहू पाखडायला लागली. त्या आवाजावर आत्याचा उजवा हात आपोआप उठला. समोर जातं नव्हतं. तरी मूठ खुंट्यावर वळावी तशी वळली, हात गोल फिरायला लागला, आणि ओवी आली. एकामागून एक अकरा ओव्या आल्या. मी फोनच्या मागे उभा राहून बघत होतो. चरण संपत आला की हात वरच्या अंगाला यायचा, तिथं क्षणभर जड व्हायचा, जणू दगडाखाली दाणा अडकलाय, आणि तो दाणा फुटून हात खाली आला की पुढचा शब्द सुटायचा. भाऊ, माहेर, पंढरी, सगळे शब्द त्या वळणावरून येत होते. आईच्या ओवीला मूठ इतकी घट्ट झाली की बोटांची पेरं पांढरी पडली. आवाजात काही बदल नव्हता. जे होतं ते मुठीत होतं.

या ओव्या मी त्याच रात्री वहीत उतरवल्या. सकाळी वाचल्या तर शब्द सगळे जागच्या जागी होते आणि ओवी नव्हती. तो थांबा कुठल्या चिन्हाने लिहायचा? स्वल्पविराम घातला तर वाक्य तुटतं, ओळ तोडली तर ती आधुनिक कविता वाटते. व्हिडिओत मात्र ओवी जशीच्या तशी आहे, पांढऱ्या पडलेल्या पेरांसकट.

हे काम माझ्याआधी फार मोठ्या माणसांनी फार मोठ्या प्रमाणावर केलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आणि बर्नार्ड बेल यांनी त्यांची ध्वनिमुद्रणं सांभाळून यंत्रावर लावून ठेवली. पी. साईनाथ यांच्या 'पारी' या संग्रहाने हा ठेवा लोकांसमोर आणायला घेतला, तेव्हा त्यांची माणसं त्याच गावांत परत गेली, त्याच बायांना भेटली आणि त्यांना म्हणताना चित्रित केलं. आता ओवीखाली ती म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव असतं, चेहराही असतो. शंभर वर्षं आपण 'लोकगीत, कवी अज्ञात' असं छापत आलो. बाई ओसरीवर बसलेली होती, तिचं नाव विचारायला आपण गेलो नव्हतो एवढंच. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. सोपानदेवांसारखा मुलगा घरात होता म्हणून त्या १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकात आल्या. ज्यांच्या घरात सोपानदेव नव्हता अशा किती जणी गेल्या?

आता दिसण्याचा मुद्दा याच्याही पुढे नेतो, कारण एका भाषेत कविता फक्त दिसते. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या सांकेतिक भाषांना रोजच्या वापरातली लिपी नाही. तिथं कवी हातांनी, चेहऱ्याने, खांद्यांच्या वळणाने कविता रचतो. क्लेटन वॅली या अमेरिकन कर्णबधिर कवीने या काव्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. हाताचा एकच आकार वेगवेगळ्या शब्दांतून पुन्हा पुन्हा येतो तेव्हा तो यमकाचं काम करतो, हे त्याने दाखवून दिलं. ही कविता कागदावर आणायची म्हणजे तिचं दुसऱ्या भाषेत भाषांतरच करायचं. अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या संघटनेला हे फार लवकर उमगलं होतं. मूक चित्रपटाच्या काळातच, १९१० पासून, त्यांनी आपल्या भाषेतली भाषणं चित्रित करून ठेवली. १९१३ साली जॉर्ज व्हेडिट्झ यांनी कॅमेऱ्यासमोर उभं राहून ही भाषा जपण्याचं आवाहन केलं, ते आजही बघता येतं. आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र दिल्लीत २०१५ साली सुरू झालं. उद्या सोलापूरची किंवा सावंतवाडीची एखादी मुलगी या भाषेत कविता करील, तेव्हा तिच्यासाठी व्हिडिओ हेच पान असेल आणि तोच संग्रह. 'कविता बघायची गोष्ट नाही' हे वाक्य तिच्यासमोर म्हणून दाखवावं, अशी माझी त्या ज्येष्ठ कवींना हात जोडून विनंती आहे.

कागदाची बाजू घेणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मी मनापासून मान्य करतो. पानावरची कविता वाचताना आवाज वाचकाचा स्वतःचा असतो. तो हवं तिथं थांबतो, मागे जातो, एका शब्दावर दुपार घालवतो. कवीनेच कविता म्हणून दाखवली की त्याचा स्वर आपल्या कानात बसतो आणि मग दुसरा स्वर सुचत नाही. हा तोटा खरा आहे. सुरेश भटांच्या ज्या गझला हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत कानावर पडल्या त्या मला आता मुकाट्याने वाचताच येत नाहीत. पण म्हणून कुणी ती चाल पुसून टाका म्हणत नाही. व्हिडिओखाली कविता अक्षरात द्यावी, ज्याला वाचायची त्याने आवाज बंद करून वाचावी. यात अवघड काही नाही, आणि न देणाऱ्यांना मी आळशी म्हणतो.

शिवाय पानावरची कविता आपण बघत नाही हे तरी खरं आहे का? अरुण कोलटकर जाहिरातीच्या क्षेत्रातले नावाजलेले चित्रकार होते. इंग्रजी 'जेजुरी'त ज्वारीच्या शेतातल्या कोंबड्या नाचतात तेव्हा शब्दच पानावर वरखाली उधळलेले आहेत. ती कविता नुसती ऐकणाऱ्याला अर्धीच मिळेल. समास, ओळीची लांबी, कडव्यांमधली मोकळी जागा, हे सगळं डोळ्यांचंच काम आहे. अशा कविता कागदावरच राहाव्यात. मी एकदा अशीच एक कविता चित्रित करायचा प्रयत्न केला, चार दिवस घातले आणि सोडून दिला. कोणती कविता कुठे राहते हे ओळखणं हा कवीच्या कामाचाच भाग आहे. १९५४ मध्ये कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' हे अनियतकालिक काढलं ते सायक्लोस्टाइल करून. हाताशी जे यंत्र आलं त्यावर त्यांनी कविता चढवली. पंधरा वर्षांनी, १९६९ साली, तरुण कवींनी 'सत्यकथा' मासिकाची होळी केली. तेव्हा त्यांचं भांडण कागदाशी नव्हतं. कोणती कविता छापायची हे एकाच दारात ठरतं, याचा तो राग होता. ते दार आज मुलींच्या हातातल्या फोनने उघडलंय, आणि तेव्हाच्या बंडखोरांच्या कविता शिकवणारे आम्ही लोक आज दारात आडवे हात करून उभे राहणार असू, तर ते मला सहन होत नाही.

व्हिडिओमुळे कविता तोकडी झाली, असंही म्हणतात. रील २०२० मध्ये आली तेव्हा पंधरा सेकंदांची होती. ती वाढत नव्वद सेकंदांवर गेली आणि २०२५ मध्ये तीन मिनिटांची झाली. तीन मिनिटांत किती अभंग होतात ते मोजून बघा. शिरीष पैंनी मराठीत हायकू रुजवला, त्याला तीन ओळी पुरल्या. चंद्रशेखर गोखल्यांचा 'मी माझा' नव्वदच्या दशकात तरुणांच्या हातोहात फिरला. त्या चारोळ्यांना 'सोपं' आणि 'पटकन संपणारं' म्हणणारे तेव्हाही होते, आणि 'मी माझा' हे छापील पुस्तक होतं. तोकडेपणाचा आळ घ्यायचाच तर कागदावरही तो घ्यावा लागेल. साहित्य संमेलनातल्या कविकट्ट्यावर शेकडो कवींना मोजकी मिनिटं मिळतात, त्याने कविता मेली असं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

आता जिथं मला स्वतःला राग येतो तिथं येतो. पियानोचा तोच रडका तुकडा, काचेवरून ओघळणारा तोच पाऊस, हळू केलेली चाल, आणि या सगळ्याखाली कुठेतरी पुटपुटलेली कविता. हे मी रोज बघतो आणि रोज चिडतो. ज्याला आपल्या ओळीवर भरवसा नाही तोच तिच्याखाली वाद्य लावतो. ओळीत दुःख असेल तर पियानोने ते वाढत नाही, आणि नसेल तर पियानोने ते येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींना मी आधी संगीत काढायला लावतो. पंख्याची घरघर गेली, संगीत गेलं की कवितेत किती दम आहे ते त्यांना स्वतःलाच ऐकू येतं. काही जण परत लिहायला बसतात.

चित्र कवितेचं भाषांतर करत बसलं तरी ती मरते. कवितेत नदी म्हटलं की पडद्यावर नदी, आई म्हटलं की पदर. १९३६ साली ब्रिटनच्या टपाल खात्याने 'नाइट मेल' हा टपालगाडीवरचा माहितीपट काढला. त्यासाठी डब्ल्यू. एच. ऑडन यांनी कविता लिहिली ती गाडीच्या चाकांच्या लयीवर. तिथं चित्र आणि शब्द एकमेकांचे नोकर नाहीत, दोघं मिळून गाडी ओढतात. माझ्या एका विद्यार्थिनीने हे काहीही न वाचता साधलं. वडिलांच्या आजारपणावरची तिची कविता आहे. चेहरा दाखवायचा नाही, कारण घरात विचारतील. म्हणून तिने फोन खाली धरला आणि फक्त हात घेतले. ते हात मेथी निवडतायत. कवितेत मेथीचा उल्लेखही नाही. कविता पुढे जाते, एका बाजूला पानं साठत जातात, दुसऱ्या बाजूला काड्या. शेवटचा शब्द येतो तेव्हा हात थांबलेले असतात आणि जुडी संपलेली नसते. ती अर्धी जुडी मी विसरू शकत नाही. ज्यांनी 'बघायची गोष्ट नाही' म्हटलं त्यांनी हा व्हिडिओ बघितलेला नाही. न बघता निकाल दिला, ही माझी त्यांच्याविरुद्धची मुख्य तक्रार आहे. नव्या कवीचा संग्रह न उघडता त्यांनी कधी असं मत दिलं नसतं.

मोजणीचं काय, असं मला विचारतात. किती जणांनी बघितलं, किती जणांना आवडलं, यावर कविता ठरायला लागली हे खोटं नाही. पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे म्हणून याच मुलीने एकदा कवितेची पाचवी ओळ उचलून पहिली केली होती. ओळ झणझणीत होती, पण तिच्याआधीच्या चार ओळींनी तिला जो भार दिला होता तो गेला. मी तिला एवढंच म्हटलं, की मोठ्याने वाच आणि सांग. तिने वाचली, आणि ओळ परत पाचव्या जागी ठेवली. त्या व्हिडिओला बघणारे नेहमीच्या निम्म्याहून कमी मिळाले. तिने तो तसाच राहू दिला. वय वर्षं एकोणीस. असा निर्णय घेणाऱ्या मुलीला कवी म्हणायला कसली वाट बघायची?

आणि कवितेवरचं नाव? व्हॉट्सॲपवर अक्षरांतून फिरणाऱ्या कवितेचं नाव दुसऱ्याच दिवशी गळतं आणि तिसऱ्या दिवशी तिच्याखाली पु. लं.चं नाहीतर गुलजारांचं नाव येतं. व्हिडिओवर म्हटलेल्या कवितेला मात्र आवाज चिकटलेला असतो, आणि तो खरवडून काढणं कठीण. दुसऱ्याची कविता आपल्या तोंडाने म्हणून नाव गाळणारे आहेत, त्यांना मी चोर म्हणतो. पण ती चोरी पकडायला मूळ व्हिडिओ तारखेसकट समोर असतो.

बोलींचं तर काय सांगावं. वऱ्हाडी कविता छापली की कोल्हापूरच्या वाचकाला शब्द मिळतात, हेल मिळत नाही. अहिराणी, मालवणी, आगरी, झाडीबोली या सगळ्यांची तीच गत, कारण त्यांचे स्वर प्रमाण लेखनाच्या चिन्हांत मावत नाहीत. गोव्यात आणि किनाऱ्यावर कोकणी पाच लिप्यांत लिहिली जाते: देवनागरी, रोमी, कन्नड, मल्याळम आणि फारसी-अरबी. रोमीत लिहिणाऱ्याची कविता देवनागरीवाल्या शेजाऱ्याला पुष्कळदा वाचता येत नाही, पण म्हटलेली समजते. अमेरिकेत वाढणारी माझी भाची देवनागरी वाचू शकत नाही, मराठी मात्र सगळी समजते. तिच्यापर्यंत गेल्या पाच वर्षांत जी मराठी कविता पोचली ती सगळी बघून पोचली.

विलास घोगरे यांची आठवण काढल्याशिवाय मला हा विषय सोडता येत नाही. मुंबईच्या झोपडपट्टीतले शाहीर. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' या माहितीपटात ते गातात. जुलै १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली, आणि त्यानंतर काही दिवसांत घोगरेंनी आत्महत्या केली. त्या मृत्यूपासून सुरू झालेला 'जय भीम कॉम्रेड' पटवर्धनांनी चौदा वर्षं चित्रित केला. वामनदादा कर्डकांची परंपरा चालवणारी अनेक माणसं, वस्तीतले गायक, कलापथकातली पोरं, म्हणताना, घाम पुसताना, शब्द अडल्यावर एकमेकांकडे बघताना त्यात दिसतात. त्यांतल्या किती जणांचा संग्रह आपल्या वाचनालयात आहे? आमच्या वाचनालयात मी शोधला. एकाचाही नाही.

म्हणून साहित्य संस्थांकडे माझं मागणं आहे. २०२५ मध्ये दिल्लीच्या संमेलनाचं अध्यक्षपद डॉ. तारा भवाळकरांकडे आलं. बायांच्या ओव्या आणि लोकसाहित्य यांत त्यांनी आयुष्य घातलंय. त्यांना आपण मान दिला, मग त्या ओव्यांना आणि त्यांच्यानंतरच्या मुलींच्या व्हिडिओंनाही जागा द्या. दिवाळी अंकाला संपादक असतो तसा व्हिडिओ-कवितेला संपादक हवा, जो 'ही ओळ काढ, हे संगीत काढ, पुन्हा म्हण' असं सांगेल. जुन्याजाणत्यांची खरी गरज तिथं आहे. शब्दावर पन्नास वर्षं हात बसलेली माणसं बाहेर उभं राहून नाकारत बसली तर आत पियानोच वाजणार.

नव्या कवितेला स्वतःची शिस्त नसते, असं म्हणणाऱ्यांना आत्याकडे घेऊन जावंसं वाटतं. त्या दिवशी अकरा ओव्या झाल्यावर तिने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि म्हणाली, "झालं? आता लाव. बघू दे मला." मी फोन तिच्या हातात दिला. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःची ओवी बाहेरून ऐकत होती. पदर तोंडाशी धरून तिने सगळं बघितलं. सातव्या ओवीला तिची भुवई चढली. पुढच्या चार तिने ऐकल्या न ऐकल्यासारख्या केल्या आणि फोन मला परत दिला.

"सातवीत मी 'वाट' म्हनलं. तिथं 'पांद' पायजे. माझ्या आईनं पांदच म्हनलेली." मग सूप थांबलेलं बघून माझ्या बायकोला म्हणाली, "तू पाखड गं." आणि मला, "परत घे."